एकाच लेन्सला पाच तारे आणि एकच ताराही: कोणाचं खरं मानायचं?

सर, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही चोपड्याकडे शिक्षक आहात. निकॉन डी५६०० आणि तिच्यासोबत आलेली किट लेन्स एवढंच सामान आहे. यावल अभयारण्य, सातपुड्याचा पायथा आणि हतनूर धरणाच्या पाण्यावरचे पक्षी टिपण्यासाठी आता १५०-६०० मिलिमीटरची झूम घ्यायची आहे. सत्तर-ऐंशी हजार पगारातून बाजूला काढलेत, म्हणजे चूक परवडणार नाही. रिव्ह्यू वाचून वाचून मात्र डोकं भणभणलंय. एके ठिकाणी साडेचार तारे. एक जण म्हणतो ६०० ला पिसाचा केस न् केस दिसतो, दुसरा म्हणतो ४०० च्या पुढे नुसता चिखल, आणि तिसऱ्याने एक तारा देऊन लिहिलंय, पैसे पाण्यात गेले. यातलं खरं कोण बोलतंय, असं तुम्ही विचारलंय.

माझ्या मते बहुतेक सगळेच खरं बोलतायत, फक्त प्रत्येक जण वेगळ्याच गोष्टीला तारे देतोय.

मी जळगावात लग्नाची कामं करतो आणि जोडीला लेन्स भाड्याने देतो. भाड्याच्या धंद्यात एक गोष्ट दिसते, जी विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही: तोच पीस वेगवेगळ्या हातांत जातो आणि परत येताना वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतो. अमळनेरच्या एका पोराने १५०-६०० परत देताना बॅगसुद्धा न उघडता सांगितलं, ‘‘भाऊ, हाई लेन्स काही कामनी नही.’’ पुढच्या गिऱ्हाइकाने तीच लेन्स नेली, हतनूरला पहाटे बसला, आणि परत आल्यावर मलाच विचारायला लागला की ही विकणार का. मधल्या काळात मी पुढची काच पुसली होती, बाकी काही नाही. आता या दोघांनी ऑनलाइन रिव्ह्यू लिहिला असता तर एक तारा आणि पाच तारे असा हिशेब झाला असता, आणि सरासरी तीन. त्या तीनला काय अर्थ? त्या लेन्सचा अनुभव तीन ताऱ्यांचा कोणालाच आलेला नाही.

म्हणून सरासरीकडे बघूच नका. प्रत्येक रिव्ह्यू कशाबद्दल आहे ते आधी ओळखायला शिका. सुरुवात अगदी बाळबोध गोष्टीपासून: तो नक्की कोणत्या लेन्सबद्दल आहे?

‘१५०-६००’ या नावाने बाजारात एक लेन्स नाही. डीएसएलआरसाठी (तुमच्यासारखा, आत आरसा असलेला कॅमेरा) सिग्माच्याच दोन आहेत, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स. पहिली साधारण १.९ किलोची, दुसरी २.८ किलोच्याही वर. नंतर २०२१ मध्ये सिग्माने मिररलेससाठी (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठी) आणखी एक स्पोर्ट्स काढली, ती तुमच्या बॉडीला, म्हणजे कॅमेऱ्याला, बसतच नाही. टॅमरॉनची पहिली आवृत्ती वेगळी आणि २०१६ ची जी२ वेगळी. लोक लिहिताना नुसतं ‘माझी १५०-६००’ लिहितात. विक्रीच्या साइटवर तर कॅनन माउंट, निकॉन माउंट, सोनी माउंट (माउंट म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला बसते ती जागा) असे सगळे एकाच पानावर, आणि तारे सगळ्यांचे मिळून. कॅननवाल्याच्या बॉडीशी लेन्सचं जमलं नाही म्हणून त्याने दिलेला एक तारा तुम्ही निकॉनचा समजून वाचता. त्यामुळे ज्या रिव्ह्यूत लेन्सचं पूर्ण नाव आणि बॉडीचं नाव नाही, तो मी सोडून देतो, मग तो कितीही तळमळीने लिहिलेला असो.

दुसरी चाळणी याहून सोपी. एक ताऱ्याचे रिव्ह्यू उघडून वाचा. खोका दबलेला होता, हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचं कडं) मिळालं नाही, वॉरंटी कार्डावर शिक्का नव्हता, डिलिव्हरी आठ दिवस उशिरा. हे सगळं विक्रेत्याबद्दल आहे, काचेबद्दल एक अक्षर नाही. पाच ताऱ्यांचंही तेच: ‘आजच मिळाली, पॅकिंग मस्त, फोटो नंतर टाकतो’. तो नंतर कधी येत नाही. हे दोन्ही गठ्ठे बाजूला काढले की शंभरातले किती उरतात ते स्वतः करून बघा, मजा येईल. वाचण्यासारखं बहुधा दोन, तीन आणि चार ताऱ्यांत सापडतं, कारण तिथे माणूस ‘हे आवडलं पण ते नाही’ असं बोलत असतो.

आता बॉडी. इथे तुमच्याकरता खास मुद्दा आहे, म्हणून जरा थांबतो. निकॉनची जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८डी आठवा. उत्तम काच, स्वस्त, वर्षानुवर्षं चाललेली. तिच्याखाली तक्रारी काय? ‘ऑटोफोकस चालतच नाही, बोगस पीस पाठवला.’ पीस बोगस नाही. त्या लेन्समध्ये मोटरच नाही, ती बॉडीतल्या मोटरवर फिरते, आणि तुमच्या डी५६०० सकट डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या बॉडींमध्ये ती मोटर नसते. उलट दिशेनेही होतं. निकॉनच्या एएफ-पी (नव्या प्रकारच्या मोटरच्या) लेन्स नव्या बॉडीवर झकास चालतात, पण डी९० किंवा डी७००० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. हे जे एक-एक तारे पडतात ते जोडीला पडतात, लेन्सला नव्हे.

टेलिझूमच्या बाबतीत ही जोडी आणखी नाजूक. डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडरमधून बघताना फोकस वेगळ्या सेन्सरवर ठरतो आणि फोटो वेगळ्या सेन्सरवर उमटतो. दोघांत केसभर फरक असला की फोकस पक्ष्याच्या थोडा पुढे नाहीतर थोडा मागे पडतो. डी७५०, डी५०० या बॉडींत ही चूक मेनूतून दुरुस्त करता येते. डी५६०० मध्ये ती सोयच नाही. म्हणजे डी५०० वाला म्हणतो ‘थोडी सेटिंग केली, आता कमाल आहे’, आणि तुमच्यासारखी बॉडी असणारा म्हणतो ‘सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटो मऊ, धूसर येतो. दोघांकडे अगदी सारखी लेन्स असू शकते. मिररलेसवाल्याचा अनुभव तर इथे मोजूच नका, कारण तिथे फोकस थेट मुख्य सेन्सरवरच ठरतो आणि हा घोळ उद्भवतच नाही.

आणखी एक गोष्ट फार लोक विसरतात. तुमच्या बॉडीचा सेन्सर लहान आणि त्यावर २४ मेगापिक्सेल ठासून भरलेले. तितक्याच दाटीने फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर) भरली तर पन्नासहून अधिक मेगापिक्सेल होतील. म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमवाला फोटो शंभर टक्के मोठा करून बघतो आणि तुम्हीही शंभर टक्के करून बघता, तेव्हा तुम्ही लेन्सचे दोष त्याच्यापेक्षा दीडपट मोठे करून बघत असता. त्याला ‘शार्प’ दिसलेलं तुम्हाला ‘ठीक’ दिसेल. यात दोघांच्याही लेन्सचा दोष नाही. पक्षीही तुमच्याकडे तेवढाच मोठा भरतो, हा फायदा आहेच.

आता आपल्याकडची खरी खलनायिका: हवा.

खान्देशातला उन्हाळा तुम्हाला मी काय सांगू? जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. पण लेन्सचा प्रश्न एप्रिल-मेपुरता नाही. जमीन तापली की तिच्यावरची हवा तापते, वर सरकते, तिच्या जागी थोडी थंड हवा येते, आणि या थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. डांबरी रस्त्यावर लांबून पाणी दिसतं तोच प्रकार. ६०० मिलिमीटरने तुम्ही ऐंशी-शंभर मीटरवरचा पक्षी काढता तेव्हा मधली सगळी हवा तुमच्या लेन्सचा भाग होऊन बसते. हिवाळ्यातही सकाळी नऊ-दहानंतर नांगरलेल्या काळ्या रानावरून, धरणाच्या कोरड्या पडलेल्या काठावरून हे होतं. थंड पहाटे पाणी हवेपेक्षा गरम असतं, तेव्हा पाण्यावरूनही होतं. गाडीत बसून काच खाली करून फोटो काढलात, तर गाडीतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना लेन्ससमोरच नाचते.

याची ओळख पटवायची खूण सांगतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा, लाइव्ह व्ह्यू (मागच्या पडद्यावर थेट दिसणारं चित्र) चालू करा, पडद्यावर पक्षी किंवा लांबचा विजेचा खांब पूर्ण मोठा करा आणि हात लावू नका. कडा पाण्यात बघितल्यासारख्या हलत असतील तर हवा आहे. मग लागोपाठ दहा-बारा फोटो काढा. एक बरा, एक चिखल, एकात खांबाची कड डावीकडे वाकलेली, एकात उजवीकडे, असं आलं तर लेन्सला शिव्या घालू नका. शटर कितीही वाढवलं तरी हे जात नाही. सगळे फोटो सारखेच मऊ आले तर मात्र फोकस किंवा लेन्स तपासायची वेळ आली. तो अमळनेरचा पोरगा दुपारी दीडला अनेर धरणाच्या काठावर होता, त्याच्या फोटोंवरच्या वेळेवरून मला कळलं.

आता याचा रिव्ह्यू वाचण्याशी संबंध असा: थंड देशात, ढगाळ हवेत, वीस मीटरवरची खार काढणाऱ्याचे पाच तारे आणि आपल्याकडे भर उन्हात रानाच्या पलीकडचा गरुड काढणाऱ्याचा एक तारा यांची तुलनाच होत नाही. म्हणून रिव्ह्यूबरोबर फोटो असतील तर मी आधी सावली बघतो. सावली आखूड, म्हणजे उन्हं डोक्यावर होती. आणि पक्षी फ्रेममध्ये एवढासा असून तो कापून मोठा केलाय, म्हणजे अंतर जास्त होतं. अशा फोटोवरून ‘६०० ला सॉफ्ट’ हा निकाल मी मान्य करत नाही.

अंतर कमी असलं तरी दुसरी अडचण उभी राहते. ६०० मिलिमीटर, ॲपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) एफ/६.३, पक्षी दहा मीटरवर, तुमच्यासारखी बॉडी: स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सात सेंटिमीटरचा. पिंगळ्यासारखा पक्षी फांदीवर बसलाय आणि फोकसच्या चौकटीत त्याच्या पुढची काडी आली, की काडी लख्ख आणि पक्षी मऊ. लोक काडीकडे बघत नाहीत, पक्ष्याकडे बघतात आणि तारे कापतात. तसंच शटरचं. १/२५० सेकंदाला, हातात दोन किलोची लेन्स धरून, नवख्या माणसाला ६०० ला शार्प फोटो क्वचितच मिळतो. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याची मान सांभाळत नाही. तुमच्या बॉडीवर ६०० म्हणजे ९०० सारखं, तेव्हा १/१००० च्या खाली उतरताना विचार करा. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढला तर वाढू द्या. दाणा सॉफ्टवेअरने कमी करता येतो, हललेला फोटो सुधारता येत नाही.

हो, आणि यूव्ही फिल्टर. यातल्या बहुतेक लेन्सना पुढे ९५ मिलिमीटरचा फिल्टर लागतो. चांगला घ्यायचा तर महाग, म्हणून लोक दुकानदाराने ‘फुकट’ दिलेली काच लावतात आणि मग सॉफ्टची तक्रार करतात. माझ्याकडे अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा फिल्टर काढायला सांगतो. निम्म्या वेळा विषय तिथेच मिटतो. पुढच्या काचेचं रक्षण हूड बऱ्यापैकी करतो.

एवढं सगळं वजा केल्यावर लेन्सचा स्वतःचा दोष उरतो का? उरतो. पीस टू पीस फरक ही खरी गोष्ट आहे. अमेरिकेत लेन्स भाड्याने देणाऱ्या लेन्सरेंटल्सचे रॉजर सिकाला यांनी एकाच मॉडेलचे अनेक पीस यंत्रावर मोजून दाखवलंय की दोन पीस हुबेहूब सारखे नसतात, आणि झूममध्ये फरक प्राइमपेक्षा (झूम न होणाऱ्या लेन्सपेक्षा) जास्त पडण्याकडे कल असतो. झूममध्ये आत काचांचे गट पुढेमागे सरकतात, त्यातला एखादा गट किंचित कलला किंवा मधोमध बसला नाही की फोटोची एक बाजू मऊ येते. पण हा फरक बहुतेक वेळा भिंतीवर शेजारी शेजारी लावून बघितला तरच कळावा एवढाच असतो. ‘चिखल’ व्हावा इतका बिघडलेला पीस क्वचित, आणि तो पहिल्याच सकाळी पकडता येतो. कसा, ते पुढे सांगतो.

मोठ्या साइटवरचे आकडे आणि आलेख यांबद्दलही तुम्ही विचारलंय. ते कामाचे आहेत, पण तेही कोणत्या बॉडीवर मोजले यावर आकडा बदलतो. त्यामुळे एका बॉडीवरचा एका लेन्सचा स्कोअर दुसऱ्या बॉडीवरच्या दुसऱ्या लेन्सशी ताडू नका. कंपनीच्या पानावरचे एमटीएफ (लेन्स किती स्पष्ट दाखवते ते सांगणारे) आलेख अनेकदा रचनेवरून गणिताने काढलेले असतात, हातात आलेला पीस मोजून नव्हे. डिझाइन कसं आहे ते त्यातून कळतं, तुमचा पीस कसा आहे ते नाही. यूट्यूबवाल्यांचं म्हणाल तर दोन दिवसांसाठी कंपनीने दिलेली लेन्स, एकच बाग, एकच बदक आणि खाली खरेदीची लिंक. मी ते बघतो, पण लेन्स हातात केवढी दिसते, झूमची रिंग किती जड फिरते, फोकस मारताना आवाज किती येतो, यासाठी.

जाता जाता तुमच्याच पट्ट्यातली एक गोष्ट. रानपिंगळा हे दुर्मीळ छोटं घुबड. ते १८८४ नंतर कोणाला खात्रीने सापडलं नव्हतं. मधे एक नोंद होती, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची, रिचर्ड मायनर्ट्‌झहागन या नावाजलेल्या पक्षीसंग्राहकाची. तारीख, ठिकाण, सगळं चोख. ती नोंद लोकांनी गंभीरपणे घेतली होती. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना दुसऱ्याच संग्राहकाने १८८० च्या दशकात खान्देशात गोळा केलेला, संग्रहालयातून उचललेला आणि नवी खोटी चिठ्ठी लावलेला होता. खोट्या नोंदी बाजूला सारून, खऱ्या जुन्या नमुन्यांची ठिकाणं धरून त्या आणि त्यांचे सहकारी फिरले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी पक्षी समोर आला. मला या गोष्टीत रस एवढ्याचसाठी की तपशील भरपूर असले म्हणजे नोंद खरी असं नाही. रिव्ह्यू लिहिणाऱ्याने काय लिहिलंय याआधी त्याने ती लेन्स खरंच वापरली का, हे बघावं लागतं. त्याचे स्वतःचे, मूळ आकाराचे फोटो आहेत का? सहा महिन्यांनी पुन्हा येऊन काही लिहिलंय का? हा पिंगळा दिवसा वावरतो, पण तो दिसला तर रेकॉर्ड केलेला आवाज वाजवून बोलावू नका, हे शिक्षकांना सांगायची गरज नसावी.

तर मी वाचतो कसा? लेन्सचं आणि बॉडीचं पूर्ण नाव असलेले रिव्ह्यू ठेवतो. खोक्याबद्दलचे काढतो. उरलेल्यांत एकच नेमकी तक्रार वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या बॉडीवर, वेगवेगळ्या काळात केलीय का ते शोधतो. ‘सॉफ्ट आहे’ ही नेमकी तक्रार नव्हे. ‘लेन्स खाली धरली की झूम आपोआप बाहेर घसरते’, ‘मागचं आकाश उजळ असलं की फोकस पुढेमागे हिंडत राहतो’, ‘५०० पर्यंत छान, ६०० ला एफ/८ करावं लागतं’ या नेमक्या. अशी तक्रार पाच अनोळखी माणसांनी केली असेल तर ती डिझाइनमध्येच आहे असं धरा, तुमच्या पीसमध्येही ती निघणार. उलट एकच जण रागावलेला आणि बाकी कोणालाच ते दिसत नाही, तर त्याचा पीस, त्याचा फिल्टर किंवा त्याची दुपार. आणि वजनाची तक्रार मात्र सगळ्यांची खरी माना, कारण वजन बॉडीवर किंवा हवेवर बदलत नाही. मोटारसायकलवर पाठीला दोन किलो घेऊन सातपुड्यातल्या पाल गावापर्यंत जाणं आणि वरून अर्धा तास हात उंचावून उभं राहणं, याचा अंदाज घरी दोन पाण्याच्या बाटल्या धरूनही येईल.

तुमच्या बाबतीत निवड कोणती? परिस्थितीवर आहे, पण मत देतो. डी५६०० मध्ये फोकसची चूक दुरुस्त करता येत नाही हा मुद्दा मी सगळ्यात वर ठेवीन. सिग्मा कंटेम्पररीसाठी यूएसबी डॉक आणि टॅमरॉन जी२ साठी टॅप-इन कन्सोल मिळतो. लेन्स त्यावर बसवायची, संगणकाला जोडायची, आणि दुरुस्ती लेन्सच्या आतच साठवायची. सिग्मात तर चार झूम-टप्पे आणि प्रत्येकाला चार अंतरं, अशा सोळा जागी वेगवेगळी दुरुस्ती देता येते. बॉडीत नसलेली सोय लेन्समध्ये आली. निकॉनची स्वतःची २००-५०० एफ/५.६ ऑप्टिकली मला जास्त आवडते, शेवटपर्यंत एफ/५.६ राहते, पण ती २.३ किलोची आहे आणि तुमच्या बॉडीवर फोकस चुकला तर सर्व्हिस सेंटरला पाठवण्यावाचून घरी काही करता येत नाही. पुढेमागे डी५०० सारखी वापरलेली बॉडी घ्यायचा विचार असेल तर माझं मत २००-५०० कडे झुकेल. आणि खरंच फुलपाखरं, शाळेची स्नेहसंमेलनं, सारंगखेड्याची घोडेबाजाराची यात्रा हेच जास्त होणार असेल, तर ६०० चा सोस सोडा. ७०-३०० ची एएफ-पी घ्या आणि उरलेल्या पैशात फिरा.

शक्य असेल तर आधी एक-दोन दिवस भाड्याने आणून वापरा. मी भाड्याचाच धंदा करतो, त्यामुळे हा सल्ला माझ्या फायद्याचा आहे हे धरून चाला. जळगावात माझ्याकडूनच आणा असं नाही, ओळखीच्या कोणाचीही चालेल.

घेतलीत तर बिल घ्या. ‘बिलाशिवाय चार-पाच हजार कमी करतो’ या बोलण्याला भुलू नका, एवढ्या महागाच्या वस्तूची वॉरंटी त्यात जाते. ऑनलाइन घेतलीत तर परत करण्याची मुदत किती दिवसांची आणि कोणत्या अटींवर ते आधी वाचा, खोका आणि पिशव्या फाडू नका, आणि पहिल्याच मोकळ्या सकाळी, सूर्य वर यायच्या आत, तपासून टाका.

तपासणी अशी. शाळेची विटांची किंवा फरशीची सपाट भिंत घ्या. तिपाई, स्टॅबिलायझेशन बंद, सेल्फ टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस. १५०, ३००, ४५०, ६०० असे फोटो काढा, एकदा पूर्ण उघड्या ॲपर्चरवर आणि एकदा एफ/८ वर. चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच थोडे मऊ, तर ते डिझाइन, स्वीकारा. एकच बाजू मऊ, तर संशय. पण भिंतीला कॅमेरा अगदी समांतर नसेल तरीही हेच दिसतं, म्हणून कॅमेरा उलटा करा, खालची बाजू वर, आणि पुन्हा काढा. आधी फोटोत डावीकडे मऊ होतं आणि उलटं धरूनही कॅमेऱ्याच्या त्याच बाजूला मऊ आलं, तर लेन्स कललेली आहे, परत करा. मऊपणा भिंतीच्या त्याच भागाला चिकटून राहिला, तर तिपाई वाकडी होती.

मग फोकस. एखादं वर्तमानपत्र पाटीवर लावून तिरकं ठेवा आणि मधल्या ठळक मथळ्यावर फोकस करा, आधी लाइव्ह व्ह्यूने, मग व्ह्यूफाइंडरने. प्रत्येक वेळी फोकस आधी पूर्ण बिघडवा, मग पुन्हा मारा, आणि एकाच फोटोवर निकाल देऊ नका. लाइव्ह व्ह्यूचे लख्ख आणि व्ह्यूफाइंडरचे दरवेळी एकाच दिशेला सरकलेले, तर काच उत्तम आहे, डॉकने काम होईल. दोन्ही मऊ, तर पीस बदलून मागा.

वापरलेली मिळत असेल तर वेगळी काळजी. अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलची बॅटरी मारून पुढून बघा. धुळीचे चार कण दिसले तर घाबरू नका, सारंगखेड्याला घोड्यांच्या मागे एक दिवस फिरलेल्या कुठल्याही झूममध्ये ते दिसतात आणि फोटोत उतरत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसल्या तर ती बुरशी, सौदा मोडा. आपली हवा कोरडी असली तरी पावसाळ्यात कपाटात बंद पडलेल्या लेन्सना ती धरते. झूमची रिंग पूर्ण फिरवून बघा, कुठे अडकते का, आणि माउंटच्या कडेवर पडल्याची खूण आहे का तेही बघा.

तपासणीचे फोटो काढलेत आणि निकाल ठरत नसेल तर मला पाठवा, बघून सांगतो. फक्त व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, ते दाबून लहान करतं आणि मग जगातली सगळ्यात चांगली लेन्सही मऊ दिसते. डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल पाठवा, कापलेली नको, आणि किती वाजता काढला ते फाइलमध्ये असतंच.